दोन गाद्यांमधली वीत

ओकायामा,
९ फेब्रुवारी १९८६

प्रिय ताई,

तुझं पत्र पोचलं. पहिलं पान बर्फावर, दुसरं पान तळ्यातल्या बदकांवर, आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी दीड ओळ तुझ्यावर: ‘मी बरी आहे, कंबर थोडी धरते.’ अगं, हवामान मला रेडिओवर कळतं. पुढच्या खेपेला उलटं लिही. कमरेला तीन पानं दे आणि बदकांना दीड ओळ.

आता माझी बातमी. मार्चअखेर मी तुझ्याकडे येतेय. तुझ्याकडे म्हणजे तू काम करतेस त्या ‘आशिबे’ सराईत, रीतसर पाहुणी म्हणून, दोन रात्री. एकतीस वर्षं तू त्या तळ्याकाठी परक्या लोकांच्या गाद्या घालते आहेस आणि सख्खी बहीण एकदाही त्या गादीवर पाठ टेकायला आली नाही, हे काही बरं नाही. शिवाय डॉक्टर म्हणतात, गुडघ्याला गरम झऱ्याचं पाणी चांगलं.

बॅग उचलायला कुणीतरी बरोबर असेल.

हसू नकोस. कुवाबारासान म्हणून आहेत. इथे ट्राम चालवायचे, गेल्या वर्षी निवृत्त झाले. बायको जाऊन सहा वर्षं झाली. सकाळी बागेत रेडिओवरची कवायत असते ना, तिथे ते माझ्या मागच्या रांगेत उभे राहतात. माझा डावा हात नेहमी उशिरा वर जातो, असं त्यांनी मला तिसऱ्या महिन्यात सांगितलं. मी म्हटलं, “इतके दिवस का थांबलात?” तर म्हणाले, “आधी खात्री करून घेत होतो.”

नव्या वर्षाच्या सुमाराला त्यांनी मला विचारलं. काय विचारलं ते तुला कळलंच असेल. मी म्हटलं, विचार करते. ते म्हणाले, सावकाश. मग मीच बोलून बसले की मार्चमध्ये ताईकडे जाऊ, आणि तिथे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, तळ्यासमोर बसून, मी उत्तर देईन. तर ताई, दिवस ठरला, जागा ठरली, फक्त उत्तर ठरायचं आहे. ‘हो’ म्हणावंसं वाटतं तेव्हा आपण छप्पन्न वर्षांच्या आहोत हे आठवतं. ‘नाही’ म्हणावंसं वाटतं तेव्हा एकटीसाठी भाजलेल्या एका माशाचा वास रात्रभर घरात फिरत राहतो.

खोली एकच सांग. दोन सांगितल्या तर तुमच्या मालकीणबाई जास्त विचार करत बसतील. गाद्या तूच घाल. किती लांब, किती जवळ, ते मी सांगणार नाही. चहा देतादेताच जोडपं ओळखता येतं, असं तूच म्हणतेस ना? मी हे कुवाबारासानना सांगून ठेवलंय. त्यांना ते इतकं पटलं की म्हणाले, “म्हणजे आपलं काय आहे ते त्यांना आपल्याआधी कळेल!” बघ, न पाहिलेल्या मेहुणीवर केवढा विश्वास.

फोन करू नकोस. तुमचा फोन ऑफिसात, आणि ऑफिसातल्या सगळ्यांना कान.

तुझी,
चिझुए


तोगो तळं,
१८ फेब्रुवारी

चि. चिझुएस आशीर्वाद.

बदकं आहेत. बर्फ दोन फूट. कंबर धरते. झालं समाधान?

तुझं पत्र मी कपड्यांच्या कोठीत बसून वाचलं, आणि ‘बॅग उचलायला’ इथे आल्यावर इतक्या मोठ्यानं हसले की शेजारून कुणीतरी विचारलं, मिसाओसान, काही पडलं का? तुझी बॅग मी पाहिलेली आहे. ती दोन बोटांवर उचलता येते.

बरं, आता कामाचं विचारते. घोरतात का? उत्तर द्यायला लाजू नकोस, हा आमच्या धंद्याचा प्रश्न आहे. घोरणारा माणूस असेल तर मी दोन हात अंतर ठेवते आणि बाईची उशी खिडकीकडे करते. नव्यानं लग्न झालेल्यांच्या गाद्या काठाला काठ लावून. दहा-पंधरा वर्षं झालेल्यांना चार बोटं. तीस वर्षांच्या जोडप्याला एक वीत. ती वीत म्हणजे दुरावा नसतो, पहाटे एकानं उठून पाणी प्यायलं तर दुसऱ्याची झोप मोडू नये इतकीच ती असते. भांडून आलेल्यांना मी सुरुवातीला लांब घालायची. आता त्यांनाही वीतच घालते. सकाळी पांघरुणं उचलायला जाते तेव्हा ती वीत कधी वाढलेली असते, कधी नसतेच.

आणि जे नवरा-बायको म्हणून नाव लिहितात पण नसतात, ते सोया सॉस पुढे केला की “आभारी आहे” म्हणतात. लग्नाचं माणूस सोया सॉससाठी आभार मानत नाही.

तुला कुठली वीत लागते ते बघू. मी तुझी बहीण म्हणून नाही, खोलीची दासी म्हणून बघणार आहे. कीव करणार नाही.

मालकीणबाईंनी परवा विचारलं, मिसाओसान, नक्की कधी जाणार? मी सांगितलं, नासपतीचा हंगाम संपला की, ऑक्टोबरअखेर. माझी खोली पुढे नव्या बाईला देणार आहेत. ती येऊन भिंतीची लांबी मोजून गेलीसुद्धा. तर ठरल्याप्रमाणे मी तुझ्याकडे वरच्या खोलीत येईन. तिथल्या सरकत्या दारांचा कागद पिवळा पडलाय असं तू मागे म्हणाली होतीस. आमच्या बाजूचा हातकागद चांगला असतो, मी येताना घेऊन येईन. अर्थात घाई काही नाही. आधी तुझं होऊ दे.

तुझी ताई,
मिसाओ


ओकायामा,
३ मार्च

प्रिय ताई,

घोरतात का ते मला कसं ठाऊक असणार? काय पण प्रश्न! (त्यांच्या शेजारीणबाई म्हणतात, नाही.)

२६ तारखेला दुपारी मात्सुझाकीला उतरू. वेळ सांगत नाही, कारण कुवाबारासाननी वेळापत्रक पाठ केलंय आणि ते मला रोज म्हणून दाखवतात. त्सुयामाला किती मिनिटं, तोत्तोरीला कुठल्या फलाटावर, सगळं. ट्रामवाला माणूस दुसऱ्याच्या गाडीत नुसता बसून राहणार, म्हणून थोडा अस्वस्थ आहे.

एक आधीच सांगून ठेवते, म्हणजे तू त्यांच्या तोंडावर हसणार नाहीस. तीस वर्षांच्या नोकरीची त्यांना एक सवय आहे. प्रत्येक गोष्ट करण्याआधी ते तिच्याकडे बोट दाखवून मोठ्यानं म्हणतात. सिग्नलकडे बोट: “हिरवा!” दाराकडे बोट: “बंद!” परवा माझ्याकडे चहा प्यायला आले आणि जाताना माझ्या शेगडीकडे बोट दाखवून ओरडले, “गॅस बंद!” मी दचकून उडाले. पण ताई, ते गेल्यावर मला गंमत वाटली. एकटी राहायला लागल्यापासून नऊ वर्षांत माझ्या शेगडीची चौकशी कुणी केली नव्हती.

आणखी एक. त्यांची जीभ मांजराची आहे, गरम काही चालत नाही. चहा देशील तो जरा आधी ओतून ठेव.

वरच्या खोलीचं म्हणशील तर तिथलं आता काही करू नकोस. कागदही आणू नकोस. का ते आल्यावर बोलू.

मी उत्तर ठरवलंय का? अर्धं.

तुझी,
चिझुए


ओकायामा,
६ एप्रिल

ती. ताईस नमस्कार.

दोन दिवस फार छान ठेवलंस. शिंपल्यांचं सार अजून जिभेवर आहे. मालकीणबाईंनाही आभार सांग. गुडघा बरा आहे.

आता हे रीतीचं झालं. खरं लिहिते.

मी उत्तर दिलंच नाही. आणि कुवाबारासान म्हणतात, त्यांना उत्तर मिळालं.

 परतीच्या वाटेवर तोत्तोरीला फलाट बदलताना त्यांनी कशाकडेही बोट दाखवलं नाही. घरापाशी बॅग ठेवली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, “समजलं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.” मी विचारलं, काय समजलं? ते पुन्हा वाकले आणि गेले. कवायतीला दुसऱ्या टोकाला उभे राहतात आता. माझा हात उशिरा वर जातो का, कोण बघणार?

पहिल्या दिवशी सगळं किती चांगलं होतं, तू पाहिलंस. तू एक वीत ठेवली होतीस. मी ती बघून हसले, आणि तेही हसले, आणि म्हणाले, “ताईंच्या हिशेबानं आपण तीस वर्षं मुरलेले दिसतोय.” त्या रात्री मला ताबडतोब झोप लागली. (घोरत नाहीत. तुझ्या धंद्यासाठी कळवते.)

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवण झाल्यावर मी म्हटलं, आधी दोघं आंघोळ करून येऊ, मग खिडकीशी बसू. मी ‘हो’ म्हणणार होते, ताई. पाण्यात बसून मी वाक्यसुद्धा तयार केलं. वाक्य तयार करता करता हाताची बोटं सुरकुतली. वर आले तर गाद्या खोलीच्या दोन टोकांना, आणि मधोमध घडीचा लाकडी पडदा उभा. ते पडद्यापलीकडे भिंतीकडे तोंड करून पडलेले.

मला वाटलं, त्यांनीच मागितला. आयत्या वेळी माणसाचा धीर सुटतो. मी दिवा मालवला आणि पडले. जो माणूस मधे पडदा मागतो त्याला मी काय सांगायचं होतं?

आता तू सांग. त्या संध्याकाळी आमच्या खोलीत तूच होतीस ना? ते तुला काही म्हणाले का?

चिझुए


तोगो तळं,
१३ एप्रिल

चि. चिझुएस आशीर्वाद.

नासपतीला फुलं आली आहेत. डोंगराचा सगळा उतार पांढरा झालाय, संध्याकाळी तळ्यातसुद्धा पांढरं दिसतं. बायका शिड्या लावून झाडांवर चढल्या आहेत आणि पिसांच्या कुंच्यानं एकेका फुलाला पराग लावताहेत. या जातीला वाऱ्यावर सोडून भागत नाही. पाऊस आला तर सगळं पुन्हा करावं लागतं, म्हणून सगळे आभाळाकडे बघत असतात. काल थोडं भरून आलं होतं, पण गेलं.

शिंपलेवाले परवापासून तळ्यात जास्त आत जायला लागलेत. पाणी कोमट झालंय. या वर्षी शिंपली मोठी आहे, पण वाळू फार सोडते. रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवली तरी सकाळी दाताखाली येतेच. आचारी वैतागलेत.

त्या दिवशी आमच्याकडे हिमेजीचे बसभर पाहुणे होते, तुला आठवत असेल. फार गडबड होती. अशा वेळी कोण कुठल्या खोलीत काय करून येतं, काही नेम नसतो.

आपल्या वयाला काही गोष्टी झाल्या नाहीत तर ते बरंही असतं, चिझुए. तुझं घर तुझ्या सवयीचं आहे. हळूहळू वाईट वाटेनासं होईल. ऑक्टोबर काही फार लांब नाही. मग दोघी मिळून एकच मासा भाजू.

पहाटे अजून गारवा आहे. गुडघ्याला लोकर गुंडाळत जा.

तुझी ताई,
मिसाओ


ओकायामा,
२० एप्रिल

प्रिय ताई,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. फुलं वाचली, शिंपल्या वाचल्या, वाळू वाचली. मी विचारलं होतं ते सोडून सगळं आहे.

तू खोटं बोलत नाहीस, ताई. लहानपणापासून बोलत नाहीस. तू फक्त हवामान सांगतेस. आईच्या लग्नातली फणी हरवली तेव्हा तू तिला सबंध जेवणभर सांगत होतीस की यंदा पाऊस लवकर येणार. मी पाच वर्षांची होते, पण तेव्हाच मला कळलं होतं फणी कुठे गेली.

काल काय झालं ते ऐक. दुपारी दारात एक सुतार येऊन उभा. हातात फूटपट्टी, कानाला पेन्सिल. मी म्हटलं, चुकीच्या घरी आलात. तो म्हणतो, “नाही बाई, पत्ता हाच. थोरल्या ताईंची खोली कुठली?” आणि एक कागद पुढे केला. कुवाबारासानचं अक्षर. माझ्या घराच्या खालच्या मजल्याचा नकाशा, अगदी ट्रामच्या मार्गासारखा, फाटे आणि थांबे दाखवून. मागच्या बाजूची सहा चटया मावतील एवढी खोली, जिच्यात माझं शिलाईचं मशीन आहे, तिथे लिहिलंय ‘ताई’. तिथून न्हाणीपर्यंत भिंतीला धरायला दांडा, न्हाणीच्या उंबऱ्याला पायरी, सगळं मापासकट.

वरच्या खोलीचं काही करू नकोस असं मी लिहिलं होतं ना? ते यासाठी. मी त्यांना फेब्रुवारीतच सांगितलं होतं की माझी बहीण माझ्याकडे राहायला येणार आहे, आणि माझं उत्तर काहीही असलं तरी ती येणार. ते म्हणाले, “एकतीस वर्षं गुडघ्यावर बसून लोकांना चहा दिलेल्या बाईला तुम्ही रोज जिना चढायला लावणार?” मला लाज वाटली. हे तुला मी त्या दुसऱ्या संध्याकाळी सांगणार होते, उत्तर दिल्यावर, तिघांनी बसून.

मी सुताराला म्हटलं, हे काम आता राहिलं, त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही का? तो म्हणाला, “मार्चमध्येच म्हणाले होते, होकार आला तर ये, नकार आला तरी ये. ताईंची कंबर काही त्यावर अवलंबून नाही.”

तो मापं घेत होता आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

तुम्ही पडदा मागितला होता का, हे मी त्यांना जाऊन विचारू शकत नाही. कुठल्या तोंडानं विचारू? म्हणून तुला विचारते, आणि शेवटचं विचारते. त्यांनी मागितला होता का? हो किंवा नाही. कार्ड पुरे. त्यावर फुलांना जागा ठेवू नकोस.

चिझुए


(पोस्टकार्ड)
२४ एप्रिल

नाही. मी ठेवला.

मिसाओ


तोगो तळं,
२५ एप्रिल

माननीय कुवाबारासान,
सादर नमस्कार.

पाहुण्यांना घरच्या पत्त्यावर पत्र लिहिण्याची आम्हाला परवानगी नसते. एकतीस वर्षांत मी हे पहिल्यांदाच करते आहे. पण त्या मार्च महिन्यात मी आणखीही एक गोष्ट पहिल्यांदा केली, तेव्हा आता मोजण्यात अर्थ नाही.

२७ मार्चच्या संध्याकाळी तुमच्या खोलीत पडदा ठेवायला मला चिझुएनं सांगितलं नव्हतं. तिनं काहीच सांगितलं नव्हतं. तुम्ही दोघं खाली आंघोळीला गेला होता. मी गाद्या घ्यायला कपाट उघडलं. खिडकीशी दांडीवर तुमचे दोघांचे दुपारच्या आंघोळीचे ओले हातरुमाल वाळत होते, एकावर एक, आणि कुणाचा कुठला ते कळत नव्हतं.

त्याआधी दुपारी मी चहा घेऊन आले होते, ते तुम्हाला आठवत असेल. तिची सूचना होती, तरी मी मुद्दाम कढत आणला. मला बघायचं होतं. चिझुए मला तिच्या शेजारणीची काहीतरी गोष्ट सांगत होती, हातवारे करत, माझ्याकडे बघत. आणि बोलता बोलता, न बघता, तिनं तुमचा कप उचलून खिडकीच्या फटीपाशी ठेवला, जिथून गार वारा येतो. तुम्हीही न बघता, बऱ्याच वेळानं, हात लांब करून तो बरोबर तिथूनच घेतलात. आभार मानले नाहीत. कुवाबारासान, हे जमायला माणसांना दहा वर्षं लागतात. काहींना जमतच नाही. मी हजारो जोडपी पाहिली आहेत, आणि मला त्याच क्षणी कळलं की तुम्हाला वीतसुद्धा जास्त होती.

मला कळलं, म्हणूनच मी तसं केलं.

माझं लग्न एकोणीस वर्षांची असताना झालं. माझ्या गादीशेजारी दुसरी गादी एकूण तेवीस रात्री होती. मग त्याला युद्धावर बोलावणं आलं आणि तो परत आला नाही. पुढे मी दुसऱ्यांच्या गाद्या घालायला लागले, आणि मला वाटायचं की मला त्याचं काही वाटत नाही. खरंच वाटत नसे. म्हातारपणी चिझुएकडे जायचं, दोघींनी राहायचं, हे ठरलेलं होतं. ते ठरलेलं आहे या आधारावर मी पुष्कळ हिवाळे काढले. तिनं पत्रात लिहिलं, वरच्या खोलीचं आता काही करू नकोस. मी समजले की ती खोली आता माझी नाही. मी विचारलं नाही. माझ्या स्वभावात ते नाही, आणि तुमच्याही नसावं असं दिसतं.

पाहुण्यांकडे बघून गाद्या घालायच्या, हे मी नव्या बायकांना शिकवते. त्या संध्याकाळी मी स्वतःकडे बघून घातल्या. पडदा जड होता. तो मी तळमजल्यावरून, कमरेची तक्रार असताना, एकटीनं वर आणला. एवढ्यावरून तुम्हाला कळेल की ते नकळत झालं नाही.

माझी बहीण आंघोळीहून परत आल्यावर तुम्हाला ‘हो’ म्हणणार होती. ते वाक्य माझ्यामुळे अडलं आहे. माझ्या हातचं काही खरं मानू नका. कृपा करून तिला तोंडानं विचारा.

सुताराची गोष्ट मला कळली. 

मिसाओ


ओकायामा,
२ मे

माननीय मिसाओसान,

पत्र मिळालं. मी पत्रं लिहिणारा नाही, चूक असल्यास माफ करा.

चूक माझी आहे. ट्राममध्ये नियम असतो की सिग्नल दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून मानायचा नाही, स्वतः बोट दाखवून, मोठ्यानं म्हणून खात्री करायची. मी शेगडीची खात्री केली, कुलपाची केली, आणि जिथे करायची तिथे केली नाही. पडदा पाहिला आणि गाडी मागे घेतली. तुम्ही सगळं आधी ओळखता असं चिझुएसान म्हणाल्या होत्या, म्हणून मला शंकाही आली नाही.

खरं सांगू का? मला वाईट वाटलं, पण त्यांचं कौतुकही वाटलं. इतक्या नीटसपणे, एक शब्द न उच्चारता, बहिणीकडून पडदा ठेवून नकार देणं! मी पडल्यापडल्या मनात म्हटलं, काय सुसंस्कृत घराणं आहे.

तुमचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कवायतीत त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. रेडिओवर ‘दीर्घ श्वास घ्या’ सुरू होतं. मी श्वास सोडताना विचारलं. आवाज जरा मोठा झाला असावा, कारण पुढच्या तीन रांगा वळल्या. चिझुएसान म्हणाल्या, “आधी तो हात खाली घ्या.” माझं बोट त्यांच्याकडे रोखलेलं होतं हे मला तेव्हा कळलं.

पुढचं त्या लिहितील म्हणाल्या. मला लिहू देत नाहीत.

तुमचं पत्र मी त्यांना दाखवलं. विचारून दाखवायला हवं होतं. तेही राहिलं.

सुतार दांड्याची उंची विचारतो आहे. तुमची उंची कळवावी.

कुवाबारा शोगो


ओकायामा,
११ मे

प्रिय ताई,

‘हो’ म्हटलं. तीन रांगांसमोर. पाण्यात बसून तयार केलेलं वाक्य आठवलंच नाही, नुसतं “हो, हो” म्हणत राहिले, आणि रेडिओवरचा बाबा म्हणत होता, आता हात सैल सोडा. मागच्या रांगेतल्या फळवालीनं टाळ्या वाजवल्या. तुला हेच हवं होतं का गं, की साऱ्या बागेला कळावं? तळ्याकाठी किती निवांत झालं असतं.

तुझं त्यांना लिहिलेलं पत्र मी वाचलं. तेवीस. मला आकडा माहीत नव्हता. एवढी वर्षं मी तुझी बहीण आहे, तुझ्याशी खुशाल गाद्यांवरून थट्टा करते, ‘गाद्या तूच घाल’ म्हणून लिहिते, आणि मला कधी विचारावंसं वाटलं नाही. हे माझ्या खात्यात राहू दे.

पण त्यामुळे तुझं माफ झालं असं समजू नकोस. मी रागावले आहे. कुवाबारासानना मी तसं स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, “किती दिवस?” मी म्हटलं, ते वेळापत्रकात बसत नाही. मग ते तुझी बाजू घ्यायला लागले. पडदा एकटीनं वर आणला, कंबर धरली असेल, असं काय काय. आमचं लग्नाआधीचं पहिलं भांडण तुझ्यावरून झालं, आणि त्यांनी तुझ्या बाजूनं केलं.

शिलाईचं मशीन वर नेलं आहे. तुझ्या खोलीला सकाळचं ऊन येतं, दुपारी नाही. दांडा बसवला. तू उंची कळवली नाहीस, म्हणून त्यांनी मलाच भिंतीशी उभं केलं आणि माझ्यापेक्षा दोन बोटं कमी धरली. नसेल जमत तर तू भांड त्यांच्याशी. ऑक्टोबरचा शब्द मालकीणबाईंना दिला आहेस तो पाळ, नासपती उतरू देत. त्यानंतर एक दिवसही थांबू नकोस.

मी चार वेळा तुला खरमरीत पत्र लिहायला बसले. जमत नाही. पहिल्या ओळीत असतो तो राग पान उलटेपर्यंत टिकत नाही, आणि टिकलाच तरी तुला दोन दिवसांनी शिळा होऊन मिळणार. शिवाय तू वाचशील कपड्यांच्या कोठीत, एकटी, आणि तुझं तोंड कसं झालं ते मला दिसणार नाही. मग रागावण्यात काय उपयोग?

तेव्हा तू इथे ये. समोर बस. मी रोज थोडं थोडं रागावणार आहे. पुष्कळ वर्षं लागतील.

तुझी,
चिझुए